हॅमस्ट्रिंगच्या शस्त्रक्रियेनंतर ज्येष्ठांचे चालणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बसण्याच्या हाडापासून सुटलेली हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंची, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) शस्त्रक्रियेने पुन्हा जागेवर बसवल्यावर साठीपुढच्या माणसाचे चालणे कसे आणि किती परत येते, याबद्दल रुग्ण आणि घरची मंडळी जे विचारतात त्याची ही उत्तरे आहेत. आठवड्यांचे आकडे साधारण समजावेत. कंडरा किती ओढून बसवावी लागली आणि हाड किती मजबूत होते, हे फक्त शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पाहिलेले असते. त्यांनी घातलेली मर्यादा इथल्यापेक्षा कडक असेल, तर तीच पाळायची.

नेमके काय तुटते आणि काय शिवतात?

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात: सेमिटेंडिनोसस, सेमिमेंब्रेनोसस आणि बायसेप्स फिमोरिस. बायसेप्सचा आखूड भाग मांडीच्या हाडावरूनच निघतो, त्यामुळे या दुखापतीत तो शाबूत राहतो. बाकीचे सारे नितंबाखालच्या बसण्याच्या हाडाला चिकटलेले असतात आणि तिथूनच उखडतात.

बहुतेक वेळा ओल्या जागी एक पाय पुढे घसरतो, गुडघा सरळ राहतो आणि धड पुढे झुकते. वयाबरोबर कंडरा आधीच झिजलेली असते, म्हणून तरुणाला नुसती लचक देऊन जाणारे घसरणे इथे पुरेसे ठरते. कट्कन आवाज येतो, बसवत नाही, आणि दोन-चार दिवसांनी मांडीच्या मागे काळानिळा पट्टा उतरतो, कधीकधी पोटरीपर्यंत.

शस्त्रक्रियेत रुग्णाला पालथे झोपवतात, नितंबाच्या घडीत छेद घेतात, हाडाचा पृष्ठभाग खरवडून ताजा करतात आणि हाडात बसवलेल्या दोन ते पाच अँकरच्या (छोट्या खुंट्यांच्या) धाग्यांनी कंडरा पुन्हा हाडाला बांधतात. सायटिक नस, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी मोठी नस, तिथून जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटरवर असते. ती आधी शोधून बाजूला जपावी लागते.

मांडीच्या मध्यभागी स्नायू फाटला आहे. त्यालाही शस्त्रक्रिया लागते का?

सहसा नाही. स्नायूच्या मांसल भागातली फाट आपोआप भरते. हे पान हाडापासून उखडलेल्या कंडरेबद्दल आहे. गुडघ्याच्या लिगामेंटसाठी हॅमस्ट्रिंगची पट्टी काढून घेतात, ती शस्त्रक्रियाही वेगळी.

या वयात शस्त्रक्रिया करावीच लागते का?

प्रत्येकाला नाही. दोन किंवा तीन कंडरा पूर्ण सुटल्या असतील आणि टोक दोन सेंटिमीटरहून जास्त खाली सरकले असेल, तर शस्त्रक्रिया सुचवण्याची पद्धत बरीच वर्षे आहे. पण नॉर्डिक देशांतल्या पीएचएसीटी या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ३० ते ७० वयाचे रुग्ण होते, आणि दोन वर्षांनी शस्त्रक्रिया न केलेला गट केलेल्या गटापेक्षा मागे पडलेला दिसला नाही. घरात आणि सपाट रस्त्यावर फिरण्यापुरतीच गरज असलेल्या, मधुमेह, हृदयविकार किंवा ठिसूळ हाडे असलेल्या सत्तरीच्या व्यक्तीने शस्त्रक्रियेवाचूनचा मार्ग डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावा. नसेवर ओढ बसून पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला असेल, किंवा माणूस डोंगर चढणारा, पोहणारा, खेळणारा असेल, तर पारडे शस्त्रक्रियेकडे झुकते.

करायचीच ठरली तर पहिल्या तीन-चार आठवड्यांत करावी. उशीर झाला की टोक आक्रसते, नसेला चिकटते, आणि कधी दुसरीकडची कंडरा जोडून लांबी भरून काढावी लागते. अशा उशिराच्या शस्त्रक्रियेनंतर खाली दिलेला प्रत्येक टप्पा काही आठवडे पुढे सरकतो.

चालताना हे स्नायू करतात तरी काय?

पाय हवेतून पुढे जातो तेव्हा नडगी पुढे फेकली जाते. पाऊल टेकण्याच्या जरा आधी हॅमस्ट्रिंग तिला लगाम घालते, म्हणून गुडघा झटक्याने ताठ होत नाही आणि टाच हवी तिथे पडते. टाच टेकल्यावर हेच स्नायू नितंबाच्या मोठ्या स्नायूसोबत खुबा मागे रेटतात, नाहीतर धड पुढे कोसळले असते.

हे स्नायू खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतात. त्यामुळे खुबा वाकलेला आणि गुडघा सरळ असला की ते सर्वांत जास्त ताणले जातात. लांब ढांग टाकताना पुढच्या पायाची हीच स्थिती असते. शस्त्रक्रियेनंतरचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात, म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा ही स्थिती ओळखायला शिकणे जास्त उपयोगाचे.

पहिल्या सहा आठवड्यांत पाऊल कसे टाकायचे?

आधी वॉकर, मग शस्त्रक्रियेचा पाय, मग चांगला पाय. शस्त्रक्रियेचा पाय वॉकरच्या मागच्या पायांच्या रेषेपलीकडे नेऊ नका, आणि गुडघा किंचित सैल ठेवा. चांगला पाय त्याच्या बरोबरीला आला तरी पुरे. पुढे गेला तरी बिघडत नाही, कारण तेव्हा शस्त्रक्रियेचा खुबा मागे राहतो आणि कंडरा सैल पडते.

म्हणजे या काळात शस्त्रक्रियेच्या पायाचे पाऊल मुद्दाम आखूड ठेवायचे असते. पुढची अडचणही इथेच पेरली जाते. सहा आठवड्यांनी कंडरा धरू लागते, पण शरीराला आखूड पावलाची सवय लागलेली असते. वयस्कर माणसाला पडण्याची धास्तीही असते, म्हणून सवय सुटत नाही. बरे झालेल्या पायाने वर्षभर लंगडणारे बरेच जण असेच तयार होतात.

"थोडे वजन टाका" म्हणजे किती?

हा शब्द फार सैल आहे. डॉक्टरांकडून किलोमध्ये आकडा मागून घ्या. नुसते पाऊल टेकवायचे असेल तर पायाचे स्वतःचे वजन, फार तर १० ते १५ किलो. अंशतः वजन म्हणजे बहुधा शरीराच्या वजनाचा पाव ते निम्मा भाग.

शिकण्यासाठी वजनकाटा वापरा:

१. वॉकर धरून उभे राहा. शस्त्रक्रियेचे पाऊल काट्यावर, चांगले पाऊल काट्याइतक्याच उंचीच्या फळीवर.
२. सांगितलेला आकडा येईपर्यंत पाय दाबा आणि पाच सेकंद थांबा.
३. न बघता दाबून पाहा, मग आकडा बघा. दहापैकी आठ वेळा जवळपास आला की हात बसला.

दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासा. दुखणे कमी झाले की माणूस नकळत जास्त वजन टाकू लागतो.

वॉकर बरा की कुबड्या?

साठीनंतर सुरुवातीला वॉकर. कुबड्यांना खांदे, मनगटे आणि तोल तिन्ही लागतात, आणि इथे एक घसरण सारे काम वाया घालवू शकते. उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी वॉकरची मूठ आली पाहिजे. कोपर २० ते ३० अंश वाकलेले राहावे. मूठ खाली असेल तर माणूस कमरेतून पुढे झुकतो आणि कंडरेवर ताण येतो. या शस्त्रक्रियेत बुटका वॉकर म्हणूनच जास्त नडतो.

पुढे काठीवर आल्यावर काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. दुखऱ्या बाजूला धरण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो.

खुर्चीतून उठताना शस्त्रक्रियेचा पाय पुढे सरकवायचा ना?

नाही. ही सूचना खुब्याचा सांधा बदललेल्यांसाठी आहे आणि शेजारीपाजारी ती सगळ्यांनाच सांगत सुटतात. पाय पुढे म्हणजे गुडघा सरळ, त्यात उठण्यासाठी धड पुढे झुकवले की खुबाही वाकला. कंडरेला नको असलेली स्थिती नेमकी तयार होते.

बरोबर क्रम असा. हातांवर जोर देत खुर्चीच्या कडेला या. दोन्ही पावले गुडघ्यांखाली ठेवा, शस्त्रक्रियेचे पाऊल मागे खेचून दाबू नका. पाठ शक्य तितकी उभी ठेवा, हात खुर्चीच्या दांड्यांवर. जोर हातांनी आणि चांगल्या पायाने द्या. उठल्यावर लगेच पाऊल न टाकता दहा आकडे मोजा, कारण वेदनाशामक गोळ्यांनी आणि कमी पाणी प्यायल्याने उठताना रक्तदाब घसरतो. खुर्चीला दांडे हवेतच, आणि बैठक गुडघ्याच्या वाटीपेक्षा जरा उंच असावी. खोल सोफा, बसके स्टूल, जमिनीवर बसणे हे सध्या बाजूला ठेवा.

झोपणे, शौचालय, मोजे, गाडी?

पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. पलंगावर पाय लांब करून टेकून बसणे हा सर्वांत सहज होणारा गुन्हा आहे. जेवणाचे ताट पलंगावर आणून दिले की तो घडतोच.

शौचालयाची बैठक उंच करणारा साचा लावा आणि शेजारी भिंतीला दांडा. जखम घडीतच असते, म्हणून पुसताना हात पुढून मागे. जागा कोरडी ठेवा. वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठता होते आणि कुंथताना जखमेवर जोर येतो, तेव्हा पोट साफ राहण्याचे औषध पहिल्या दिवसापासून विचारून घ्या.

मोजे दुसऱ्याने घालून द्यावेत किंवा लांब दांड्याचे साधन वापरावे. गाडीत बसताना सीटकडे पाठ करून आधी टेका, पाठ रेललेली, आणि पाय आत घेताना गुडघा वाकवलेला. स्वतः गाडी चालवणे ब्रेस (गुडघा किंवा खुबा ठरावीक कोनात धरणारा पट्टा) आणि गुंगीची औषधे सुटल्यानंतर, ब्रेक जोरात दाबता येतो हे तपासून. उजवा पाय असेल तर सहा आठवड्यांच्या आधी विचारही नको.

जिना चढता येईल का?

कठडा असेल आणि सोबत माणूस असेल तर येईल. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि शस्त्रक्रियेचा पाय आधी. एका पायरीवर दोन्ही पाय आणूनच पुढची पायरी. पायरीमागे पायरी अशी नेहमीची चाल साधारण तीन महिन्यांनी.

ब्रेस किती दिवस? काहींना तो देतच नाहीत, असे का?

यावर सर्व डॉक्टरांचे एकमत नाही. कोणी गुडघा वाकलेला ठेवणारा ब्रेस देतात, कोणी खुब्याचे वाकणे रोखणारा, आणि कंडरा ताण न देता बसली असेल तर कोणी काहीच देत नाहीत. गुडघा वाकवून बांधलेला ब्रेस वयस्करांना फार जड जातो: पाऊल जमिनीला लागत नाही, एका पायावर उड्या माराव्या लागतात, तोल जातो. घरात आधीच पडण्याचा इतिहास असेल तर ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यांना दुसरा पर्याय निवडता येतो.

सहा आठवडे झाले. आता काय बदलायचे?

डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली की वजन पूर्ण टाकायचे आणि पावले समान करायला घ्यायची. अंतर वाढवण्याची घाई नको. लंगडत एक किलोमीटर चालण्यापेक्षा समान पावलांनी पन्नास मीटर चालणे चांगले, कारण प्रत्येक लंगडे पाऊल त्याच सवयीचा सराव असतो.

जमिनीवर चिकटपट्टीच्या आडव्या खुणा ३० सेंटिमीटर अंतराने करा आणि प्रत्येक खुणेवर एक टाच अशी पाच-सहा मीटरची पट्टी चाला. सलग दोन दिवस मागे ओढ न जाणवता जमले, की अंतर पाच सेंटिमीटरने वाढवा. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक तालात ठोके देणारे ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावला तर दोन्ही पावलांची वेळही सारखी होते. पुढे ८०, मग १०० पर्यंत. खुणांकडे बघत चालणे सुटले की आरशासमोर चाला. मान खाली घालून चालणाऱ्याचे धडही खाली जाते.

जखम पूर्ण बंद झाली असेल तर पाण्यात चालणे या टप्प्यावर फार उपयोगी पडते. कमरेइतक्या पाण्यात पायांवर साधारण निम्मे वजन येते, छातीइतक्या पाण्यात त्याहून बरेच कमी. तलावाच्या ओल्या काठावर मात्र हात धरायला माणूस हवाच.

लंगडणे दिसते, पण नेमके काय चुकते ते कसे ओळखायचे?

मागून आणि बाजूने मोबाइलवर दहा-दहा सेकंदांचे चित्रण करा आणि हळू गतीने बघा.

शस्त्रक्रियेच्या पायाचे पाऊल आखूड पडत असेल, तर मागे ओढ आहे किंवा ओढीची भीती आहे. चांगल्या पायाचे पाऊल आखूड आणि घाईने पडत असेल, तर शस्त्रक्रियेच्या पायावर उभे राहायला नको वाटते आहे. तिथे नितंबाचे आणि मांडीपुढचे स्नायू कमी पडतात. दोन्हीला लोक लंगडणेच म्हणतात, पण उपाय वेगळे. पहिल्याला खुणांवरची पावले आणि धीर, दुसऱ्याला ताकद आणि एका पायावर तोल.

पाऊल टेकताना गुडघा मागे झटका देऊन कुलूप लावल्यासारखा ताठ होत असेल, तर हॅमस्ट्रिंगची पकड अजून कमी आहे. खुणांमधले अंतर कमी करा. धड मागे कलत असेल तर नितंबाचा स्नायू अशक्त. पाय अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणत असतील, तर बहुधा ब्रेसची सवय. आणि चवडा जमिनीवर आपटत किंवा घासत असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा, तो नसेचा प्रश्न असू शकतो.

व्यायाम कोणते आणि केव्हा?

पहिले दोन आठवडे घोटा वर-खाली, तासाला वीस वेळा, रक्त साकळू नये म्हणून. पाठीवर झोपून मांडीपुढचा स्नायू आवळून पाच सेकंद धरणे. हा व्यायाम क्षुल्लक वाटतो म्हणून टाळला जातो, पण वयस्करांत मांडीचा पुढचा स्नायू दिवसागणिक आटतो आणि पुढे खुर्चीतून उठणे त्याच्यामुळेच अडते.

सहाव्या आठवड्यानंतर टाचेने जमीन हलकेच मागे दाबून धरणे, म्हणजे हालचाल न करता हॅमस्ट्रिंगला काम. स्थिर सायकल, बैठक उंच, भार नसलेली. आधाराला धरून टाचा उचलणे, १० ते १५ वेळा.

आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास पूल: पाठीवर झोपून, दोन्ही पावले नितंबांजवळ, कंबर उचलून पाच सेकंद, आठ ते दहा वेळा, एक दिवसाआड. पावले जवळ असली की काम नितंब करतात आणि ती जसजशी दूर नेऊ तसतशी हॅमस्ट्रिंगवर जबाबदारी येते. म्हणून बाराव्या आठवड्यानंतर दर एक-दोन आठवड्यांनी पावले दहा सेंटिमीटर पुढे न्यायची. इतक्या साध्या हालचालीत भार इतका बारकाईने वाढवता येतो, म्हणून घरच्यासाठी हाच व्यायाम आम्ही सर्वांत वर ठेवतो.

तीन महिन्यांनंतर दहा सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतार, मग १५, मग २०. ओट्याशेजारी एका पायावर दहा सेकंद. आडवे चालणे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात चढ, उतार, खडबडीत वाट. चढावर धड पुढे झुकते आणि खुबा जोराने मागे रेटावा लागतो, त्यामुळे हॅमस्ट्रिंगला चढ जड जातो. उतरताना कसोटी मांडीच्या पुढच्या स्नायूची.

व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणे चालेल, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते ओसरले पाहिजे. ओसरले नाही तर भार जास्त झाला.

मागे आखडल्यासारखे वाटते. ताणायचे कधी?

पहिले तीन महिने ताणायचे नाही. त्यानंतरही बहुतेकांना गरज पडत नाही, पावलाची लांबी वाढत गेली की पुरेशी लवचिकता चालण्यातूनच येते. आखडल्याची जाणीव बरेचदा आखूड स्नायूमुळे नसून अशक्त स्नायूमुळे किंवा नसेभोवतीच्या व्रणामुळे असते, आणि ओढून ती वाढते. वाकून पायाची बोटे धरायची घाई करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की अँकर धातूचा असो वा दुसऱ्या कशाचा, तो ज्या हाडात बसला आहे ते हाड साठीपुढचे आहे.

सुधारणा मोजायची कशी?

आठ मीटर सरळ जागा घ्या. मधल्या चार मीटरांवर दोन खुणा करा, नेहमीच्या वेगाने पूर्ण आठ मीटर चाला आणि फक्त मधल्या चार मीटरांची वेळ घ्या. पाच सेकंद म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर. यापेक्षा हळू चालणे ज्येष्ठांत शारीरिक क्षमता घटल्याचे लक्षण मानतात. चार सेकंद म्हणजे सेकंदाला १ मीटर, आणि बहुतेकांनी एवढे ध्येय ठेवावे. रस्ता ओलांडायला आणखी लागते, अनेक ठिकाणचे पादचारी सिग्नल १.२ मीटर वेग धरून लावलेले असतात. ०.१ मीटरची वाढ दैनंदिन जगण्यात जाणवते, त्यामुळे पाच सेकंदांवरून ४.४ वर आलात तर ती खरी प्रगती.

दुसरी चाचणी, तीन महिन्यांनंतर: खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसणे. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे धरा. तिसरी, हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ आणि स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे.

मोजणी पंधरा दिवसांतून एकदा, तेच बूट घालून, त्याच वेळी. रोज मोजलात तर चढउतार बघून उगाच खचाल.

किती दिवसांत काय जमते?

वॉकर सुटायला सहा ते आठ आठवडे, काठी सुटायला आठ ते बारा. सपाट रस्त्यावर बाहेर फिरणे तीन महिन्यांच्या आसपास, चढउतार चार ते सहा महिन्यांत. वेग आणि दमसास वर्षभर वाढत राहतात. हॅमस्ट्रिंगची ताकद बहुतेकदा दुसऱ्या पायाच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत येते, चालायला तेवढी पुरते. शस्त्रक्रियेपूर्वीच काठी लागत असेल तर काठी पुढेही लागेल, आणि त्यात हार नाही.

आहार आणि औषधांत काय बघायचे?

या काळात ज्येष्ठांना दिवसाला दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या व्यक्तीला ७२ ते ९० ग्रॅम, तिन्ही जेवणांत विभागून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. धूम्रपान आणि वाढलेली साखर या दोन्हींनी कंडरा भरायला उशीर होतो.

लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी कोणी सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखे प्रतिजैविक लिहून दिले, तर कंडरेची शस्त्रक्रिया झाल्याचे आवर्जून सांगा. या गटाने कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, साठीनंतर जास्त, आणि सोबत स्टेरॉइड असेल तर आणखी जास्त.

चालता येते, पण बसवत नाही.

हे नेहमीचे आहे आणि काही महिने टिकू शकते. अँकर बसण्याच्या हाडातच असतात. मागे कापलेली उशी घ्या, भार मांड्यांवर येऊ द्या, अर्ध्या तासाने उठा. मधोमध भोक असलेली गोल उशी मात्र कडेने नेमके तेच हाड दाबते. मांडीच्या मागे बधिर पट्टा राहिला असेल तर तो त्वचेच्या नसेमुळे, चालण्यावर त्याचा परिणाम होत नाही.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचे?

पाय घसरून कट्कन आवाज आला आणि नवा काळानिळा डाग उमटला, तर. पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा तुटण्याचा धोका सर्वाधिक असतो. पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर त्याच दिवशी. धाप लागली किंवा छातीत दुखले तर मिनिटही न दवडता रुग्णालयात. जखमेतून पू, ताप, वाढती लाली. पाऊल वर उचलता न येणे. रक्त पातळ ठेवण्याची औषधे स्वतःहून बंद करू नका.

वर्ष झाले, तरी लंगडतात. आता काही होईल का?

होते, पण कारण शोधून. पहिल्यांदा चित्रण बघा आणि कोणते पाऊल आखूड पडते ते ठरवा. मग गुडघ्याची किंवा खुब्याची झीज, कंबरेतून दबलेली नस, दोन्ही पायांची लांबी आणि दुसऱ्या पायाची ताकद तपासून घ्या. वयस्करांत दोष बरेचदा शिवलेल्या कंडरेत नसतोच. आवाज, डाग असे काही न होता ताकद हळूहळू घटली असेल, तर एमआरआय करून कंडरा जागेवर आहे ना ते पाहतात. सारे ठीक निघाले, तर फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, नितंब आणि मांडीच्या स्नायूंची भार वाढवत नेलेली कसरत आणि खुणांवरची पावले पहिल्यापासून सुरू करावीत. चार मीटरची वेळ आरंभी आणि दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवा. सहा आठवड्यांत ती अजिबात हलली नाही, तर व्यायामांचा आराखडा बदलून घ्या.